मर्यादित मुखत्यारी : कंटेनरांतर्गत चाचण्यांचा पूर्वेतिहास

पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. २०१९ साली येथील आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ कार्यान्वित झाला. अशा सामायिक यंत्रावर अनेक संशोधक काम करीत असले, तरी ‘रूट’ हा सर्वाधिकार व्यवस्थापकाकडेच राहतो.

आज्ञावलीची चाचणी कंटेनर या स्वतंत्र आवरणात घेण्याची पद्धत २०१३ साली अवतरलेल्या डॉकरमुळे रूढ झाली. चाचणीत आणखी एक कंटेनर उघडावयाचा, तर बाहेरील कंटेनरास विशेषाधिकार देण्याची प्रथा पडली. परिणामी, जी आज्ञावली अद्याप पारखावयाची, तिच्याच हाती यंत्राच्या किल्ल्या गेल्या.

वास्तविक यावरील उपाय त्याच वर्षी लिनक्स ३.८ मध्ये सिद्ध झाला होता. त्यानुसार कंटेनरातील ‘रूट’ बाहेर सामान्य वापरकर्ताच गणला जातो. अशा मुखत्यारीची उतरंड रचता येते. मात्र आतल्यास बाहेरच्याहून अधिक अधिकार मिळत नाही. डॉकरने ही पद्धती पुढे स्वीकारली.

तथापि या सोयीमुळे कर्नलमधील सुप्त दोषांपर्यंत सामान्य वापरकर्त्याचा हात पोहोचू लागला. म्हणूनच डेबियनने ती २०२१ पर्यंत मूलतः बंद ठेवली होती. एवढे मात्र निश्चित की, बहुतेक चाचण्यांस अधिकाराचा आभास पुरतो. प्रत्यक्ष अधिकार क्वचितच लागतो.