जॅकोच्या पायऱ्या : डॉमिनिकाच्या जंगलात, आधी सायकलवर आणि मग पायी

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय. आणि खूप चढायचंय, हे आधीच सांगून ठेवतो.

जुलै २०२३. यशस्वी जैस्वालची पहिली टेस्ट आठवते? आपल्या मुंबईच्या मैदानांत घडलेल्या या पोराने पदार्पणातच १७१ ठोकले, अश्विनने दोन्ही डावांत मिळून १२ विकेट घेतल्या आणि मॅच तीन दिवसांत संपली. मी ती ऑफिसच्या लॅपटॉपवर, एका कोपऱ्यात छोटी विंडो ठेवून बघत होतो. (मॅनेजर ऐकत असेल तर सॉरी.) स्कोअरपेक्षा जास्त माझं लक्ष जात होतं ते स्टेडियमच्या मागच्या डोंगरांकडे. हिरवेगार, ढगात घुसलेले, जवळजवळ मैदानाला टेकलेले. मी आपला पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणारा माणूस. म्हटलं, अरे, हे आहे कुठे?

ते होतं रोझो. डॉमिनिका या देशाची राजधानी. आता इथेच अर्धी जनता गोंधळते. डॉमिनिका वेगळा आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा. आपला डॉमिनिका म्हणजे ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधला एक ठिपका. क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. पण या एवढ्याशा जागेत १,४४७ मीटर उंचीचा डोंगर आहे. मोर्न दियाब्लोतँ त्याचं नाव. आपल्या साल्हेरपेक्षा थोडासाच कमी, आणि समुद्रातून जवळजवळ सरळ वर आलेला.

पुढे कंपनीच्या कामानिमित्त काही महिने अमेरिकेत होतो, तेव्हा सुट्टी जोडून तिथे जाऊन आलो. बाकीचे लोक कॅरिबियनला बीचसाठी जातात. मी भाड्याची सायकल आणि ट्रेकिंगचे बूट घेऊन गेलो. घरी आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन पण डोंगरच चढणार?" हो, डोंगरच.

तर पहिला दिवस सायकलचा. रोझोच्या उत्तरेला समुद्राकाठी कॅनफिल्ड नावाची जागा आहे. कॅनफिल्ड म्हणजे उसाचं शेत. नावातच सगळं आलं. तिथून एक रस्ता बेटाच्या पोटात वर चढतो, पाँ कासे नावाच्या चौकापर्यंत. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, तेवढाच काय तो दिलासा. बाकी चढ असा की ताम्हिणी घाट बरा वाटावा. वळण संपलं की पुढचं वळण, त्यात मध्येच धो धो पाऊस आणि पाच मिनिटांत कडक ऊन. मी खालचा गिअर टाकून, मान खाली घालून पेडल मारत होतो. फोनवरचं ॲप प्रत्येक मीटर नोंदवत होतं. मनात एकच विचार : आज एलिव्हेशनचा आकडा मस्त येणार, अपलोड केला की ग्रुपवर सगळे जळणार.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. उसाच्या शेतापासून वरच्या जंगलाकडे जाणारी ही दिशा माझ्या आधी हजारो लोकांनी धरली होती, जीव मुठीत घेऊन. आणि आपण कुठे चाललोय याची नोंद कुठेही राहू नये, यासाठी त्यांची सगळी धडपड होती.

थोडं मागे जाऊ. या बेटाचं जुनं नाव वाइतुकुबुली. इथल्या मूळच्या कालिनागो लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'उंच आहे तिचं शरीर'. कोलंबसाला हे बेट ३ नोव्हेंबर १४९३ ला दिसलं. तो रविवार होता, म्हणून त्याने नाव ठेवलं डॉमिनिका. झालं बारसं! कालिनागो लोकांनी आणि या डोंगरांनी मिळून युरोपियनांना पुढची बरीच वर्षं इथे नीट पाय रोवू दिले नाहीत. मग फ्रेंच आले, त्यांनी कॉफी लावली. आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहात बेट ब्रिटिशांकडे गेलं.

ब्रिटिशांना हवी होती साखर. त्यांनी सर्व्हेअर बसवला, जॉन बायर्स त्याचं नाव. १७७६ साली त्याचा नकाशा छापला गेला. हा नकाशा कुठे बघायला मिळाला तर जरूर बघा. अख्ख्या बेटावर प्लॉट पाडलेत. डोंगर असो, दरी असो, नदी असो, वर आखलेल्या रेघा. मी इंजिनिअर माणूस, मला ते ओळखीचं वाटलं. प्रत्यक्ष साइट न बघता स्प्रेडशीटमध्ये बनवलेला प्लॅन कसा दिसतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये. प्लॉट विकले गेले, मळेवाले आले, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून त्या मळ्यांवर जुंपली गेली.

पण नकाशावर प्लॉट पाडले म्हणून जंगल थोडंच सपाट होतं? मळ्यांच्या मागे घनदाट रान होतं, आणि माणसं त्या रानात पळून जायला लागली. त्यांना म्हणतात मरून. हा शब्द स्पॅनिश 'सिमारॉन'वरून आलाय. पाळीव गुरू सुटून रानात गेलं की त्याला हा शब्द वापरायचे. म्हणजे मालकाच्या नजरेत पळालेला बैल आणि पळालेला माणूस एकच. डॉमिनिकाच्या क्रेओल भाषेत त्यांना नेग मावाँ म्हणतात, आणि आज तिथे हे नाव अभिमानाने घेतलं जातं. रोझोमध्ये नेग मावाँचं स्मारकसुद्धा आहे.

या लोकांनी जंगलात वस्त्या केल्या. प्रत्येक वस्तीचा एक प्रमुख. बाला, फार्सेल, जॅको ही त्यातली नावं. शंख फुंकून एकमेकांना इशारे द्यायचे आणि झाडांच्या आडोशाला शेती करायचे. शेतीत काय? केळी, कंद आणि दॅशीन. दॅशीन म्हणजे काय ओळखा बघू. अळू! आपली अळकुडी! आणि त्याच्या पानांचं कॅलालू नावाचं सूप हा आज डॉमिनिकाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा शपथेवर सांगतो, लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फदफदं आठवलं. फक्त शेंगदाणे आणि गूळ नव्हता.

दुसरा दिवस पायी. पाँ कासेच्या पुढे विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेल्स नावाचं गाव लागतं. तिथून लायू नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि मग जॅकोच्या पायऱ्या चढायच्या. सोबत गावातला एक वाटाड्या होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. पायात गमबूट आणि हातात कोयता. मी मात्र भारीतले बूट घालून दोनदा पाण्यात आपटलो. नदी ओलांडायची, पलीकडे जायचं, पुन्हा ओलांडायची. गुडघा फुटला. ते ॲप मात्र चालूच.

आणि मग त्या पायऱ्या आल्या.

हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना थोडी कल्पना येईल, पण इथे दगडाची ती रेखीव कामगिरी नाही. कड्याच्या अंगात, शेवाळाखाली, मुळांच्या मधे खोदलेले टप्पे आहेत. प्रत्येक टप्पा इतका उंच की पाय टाकायचा म्हणजे हाताने गुडघा दाबून वर रेटायचं. मी विचारलं, "एवढ्या उंच का?" तो हसला. म्हणाला, "तू दमलास ना? म्हणूनच." तिथले लोक सांगतात की पायऱ्या मुद्दाम अशा ठेवल्या. लाल डगला, बंदूक, दारूगोळा घेऊन येणारा शिपाई अर्ध्यातच धापा टाकायला लागेल आणि एका वेळी एकच माणूस वर येऊ शकेल. वर पोचलं की सपाटी लागते, कडे आणि नदी यांनी राखलेली. तिथे जॅकोची वस्ती होती.

जॅको या रानात किती वर्षं राहिला माहितीये? चाळीसेक वर्षं. म्हणजे माझ्या आजवरच्या आयुष्यापेक्षा जास्त काळ हा माणूस बेकायदेशीरपणे स्वतंत्र होता.

ब्रिटिशांनी त्याआधी १७८५-८६ मध्ये एक मोहीम काढली होती. त्यात बाला पकडला गेला आणि त्याला रोझोच्या बाजारात लोकांदेखत मारण्यात आलं. त्या जुन्या बाजारात आज पर्यटकांसाठी टोपल्या आणि फ्रिजवर लावायचे मॅग्नेट विकतात. मीही एक घेतला होता, पहिल्याच दिवशी, काही माहिती नसताना.

दुसरी मोठी मोहीम १८१३-१४ ची. गव्हर्नर होता जॉर्ज एन्सली. त्याने जाहीरनामा काढला : शरण या, नाहीतर माझे रेंजर्स बायकामुलांनाही सोडणार नाहीत. वस्त्या जाळल्या, अळूची आणि केळीची शेतं उपटली. उपासमार हे जुनं हत्यार आहे. शेकडो माणसं मारली गेली, पकडली गेली किंवा शरण आली. जुलै १८१४ मध्ये जॅको लढताना गोळी लागून मेला. एन्सलीच्या या वागण्यावर नंतर लंडनच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न विचारले गेले. पण तोवर रान रिकामं झालं होतं.

आता मला जी गोष्ट अजून पचलेली नाही ती सांगतो. हे रेंजर्स कोण होते? त्यांच्यात गुलाम पुरुषही होते. रान ओळखणारी, मरूनांच्या वाटा हुडकू शकणारी माणसं. त्यांच्यापुढे लालूच होती स्वतःच्या सुटकेची. म्हणजे दुसऱ्याचं स्वातंत्र्य संपवा आणि त्या बदल्यात आपलं कमवा.

मी वाटाड्याला विचारलं, "त्या रेंजर्सबद्दल तुम्हाला काय वाटतं?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझे पूर्वज यातले कोण होते, मला माहीत नाही. बेट लहान आहे. दोन्हीकडचे असतील." यावर मी काय बोलणार? घरी बसून कुणालाही गद्दार म्हणणं सोपं असतं. मळ्यावर चाबूक खाणारी आपली बायको, आपली मुलं आहेत आणि समोर सुटकेचा कागद धरलाय, तेव्हा मी काय केलं असतं? मी स्वतःला हिरो समजून उत्तर द्यायला बघितलं. खरं सांगतो, खात्रीने देता आलं नाही.

अजून एक किस्सा, बेटाच्या उत्तर टोकाचा. तिथे कॅब्रिट्सवर फोर्ट शर्ली नावाचा किल्ला आहे. एप्रिल १८०२ मध्ये तिथल्या आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटने बंड केलं. हे सैनिक आफ्रिकन होते आणि सैन्याने त्यांना गुलाम म्हणून विकत घेतलेलं होतं. त्यांना रानतोड करायला लावलं, पगार मिळेना, आणि बातमी पसरली की आता आपल्याला उसाच्या मळ्यांवर विकणार. त्यांनी किल्ला ताब्यात घेतला. तीन दिवसांत बंड मोडलं, कित्येक जण मारले गेले. पण त्याचा धक्का लंडनपर्यंत गेला आणि १८०७ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या अशा सगळ्या गुलाम सैनिकांना, साधारण दहा हजार माणसांना, मुक्त करण्यात आलं. मळ्यांवरच्या गुलामांना कायद्याने मुक्ती मिळाली १८३४ मध्ये, आणि खऱ्या अर्थाने १८३८ मध्ये. जॅकोच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी.

आज या बेटावर वाइतुकुबुली नॅशनल ट्रेल आहे. १८५ किलोमीटर, चौदा टप्पे, दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून थेट कॅब्रिट्सपर्यंत. २०११ मध्ये तो खुला झाला. कालिनागो आणि मरून लोकांच्या जुन्या पायवाटा त्यात जोडल्या आहेत. सहावा टप्पा कालिनागोंच्या राखीव प्रदेशातून जातो, आणि ते लोक आजही तिथे राहतात. १८ सप्टेंबर २०१७ ला मारिया हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ आलं आणि बेट उघडंबोडकं करून गेलं. रस्ते तुटले, पूल गेले. मग लोक काय करणार? चालत निघाले, डोंगरांवरून. ट्रेलसुद्धा पुन्हा टप्प्याटप्प्याने साफ करावा लागला. इतिहासकार लेनॉक्स हनीचर्च यांनी मरूनांवर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांच्यासारख्यांमुळे या वाटांची नावं आणि गोष्टी टिकल्या.

तर, त्या सपाटीवर मी बसलो होतो. पाऊस थांबला होता, खालून लायूचा आवाज येत होता. मी सवयीने फोन काढला. स्क्रीनवर निळ्या रेघेत माझा सगळा रस्ता होता : नदी कुठे ओलांडली, कुठे थांबलो, कुठे पडलो. चाळीस वर्षं ज्या माणसाचं जगणं या वाटेचा पत्ता न लागण्यावर अवलंबून होतं, त्याच्या अंगणात बसून मी ती वाट सॅटेलाइटला सांगत होतो.

वाटाड्या वाकून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हे एन्सलीकडे असतं तर?"

तो गमतीने म्हणाला होता. मला हसू आलं नाही. मी रोज लोकांच्या लोकेशनचा डेटा हाताळणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. कोण कुठे आहे हे कुणाला कळावं, हा माझ्यासाठी एक सेटिंगचा प्रश्न होता. त्या सपाटीवर तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

त्या दिवसाचा ट्रॅक मी अपलोड केला नाही. त्याने काही क्रांती होत नाही, माहितीये. तिथे आज लोकांनी यावं, पैसे देऊन गावातलाच वाटाड्या घ्यावा, हेच गावालाही हवंय. तुम्हीही गेलात तर तसंच करा. पण ती एक निळी रेघ मी माझ्यापाशीच ठेवली.

आणि ऑफिसला परत आल्यावर पहिल्या आठवड्यात एक तिकीट टाकलं : आपण युजरचं लोकेशन किती दिवस साठवतो, आणि का? त्यावर अजून चर्चा चालू आहे. निकाल लागला की सांगेन.

तोवर तुम्ही सांगा, तुमच्या आवडत्या ट्रेकची वाट पहिल्यांदा कुणी पाडली, आणि कशासाठी? गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटूच!