दुकानापर्यंत आलेला किलो

गोंदियाजवळचा कामठा म्हणजे एके काळची जमीनदारी, धानाचा मुलूख. इथल्या धानाचा हिशेब पायली-खंडीत चाले, म्हणजे मापानं, वजनानं नव्हे. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर पोहे तराजूत घातले तर पारडं कुठल्या कुठे जाईल! त्यात पायलीही गावोगाव निराळी. १९३९च्या कायद्यानं वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या ९३३ ग्रॅमचा, ठरवला. मापाच्या पायलीला त्यानं हात लावला नाही.

१९५६च्या कायद्यानं मेट्रिक वजनं आली आणि १९६२पर्यंत टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. २३३ ग्रॅमचा पावशेर अडीचशेचा झाला. नाव मात्र सुटलं नाही. भाजीवाल्याकडे आजही पावशेर वांगीच मागतात.

किलो दुकानात रुळला खरा, पण चुलीपर्यंत पोचला नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० सालचं, म्हणजे सक्तीनंतरचं. तरी त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. मला हा मागासपणा वाटत नाही, उलट शहाणपणच वाटतं. किती घरांत तराजू होता? आणि वाटी घरोघर वेगळी असली तरी एकास दोन हे प्रमाण कुठल्याही वाटीत तेच. अमेरिकेत फॅनी फार्मरबाईंनी १८९६च्या पुस्तकात सपाट भरलेल्या कपाचा आग्रह धरला; तिथली घरं अजून कपावरच आहेत.

वाटी फसते ती अनरशाला. तांदूळ तीन दिवस भिजवून, निथळून, ओलसर असतानाच कुटायचा आणि त्यात गूळ मळायचा. किसलेला गूळ वाटीत भुरभुरीत भरला तर कमी येतो, दाबून भरला तर जास्त. जास्त झाला की अनरसा तुपात हसलाच म्हणून समजा. मग जाळी कसली, कढईत नुसता चुरा. इथे तराजूच हवा.

ग्रॅमातली पाककृती गावोगाव पोचली ती मात्र पुस्तकातून नाही, शाळेतून. मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ची. सुरुवातीला मुलामागे महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी जाई. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि हळूहळू शाळेतच चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात. लहान वर्गांची शंभर मुलं हजर असली की दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ. इतका सोपा पाढा पायलीला कधी जमला नसता. पाणी किती, हे मात्र त्या तक्त्यात नाही. नवा तांदूळ कमी पाणी मागतो, जुना जास्त. तेव्हा पोतं कुठलं आलंय ते बघून स्वयंपाकीणबाईच ते ठरवतात.