आशाताईंचा गौरव: कौतुक पुरते काय?

पगारापेक्षा पाठीवरची थाप माणसाला अधिक काम करायला लावते, असे व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ठासून सांगितले जाते आणि आधाराला फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे नाव घेतले जाते. हा आधार तपासायला हवा. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती होत्या. समाधानाच्या आठवणींत यश आणि त्याची घेतली गेलेली दखल ठळकपणे पुढे आली, हे खरे. पण बोलणारी माणसे सुस्थिर पगारदार होती. शिवाय हर्झबर्ग यांचा उरलेला अर्धा सिद्धान्त व्याख्यानांत गळून पडतो: पगार आणि कामाच्या अटी वाईट असतील तर त्यातून येणारी नाराजी वेगळीच असते, आणि कौतुकाने ती मिटत नाही.

आपल्याकडे याची कसोटी आशाताईंच्या बाबतीत लागली. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यांना गावोगाव नेमले ते कर्मचारी म्हणून नव्हे, स्वयंसेविका म्हणून, कामागणिक मोबदल्यावर. करोनाकाळात घरोघरी तपासण्या करून दमलेल्या महाराष्ट्रातल्या आशा जून २०२१ मध्ये संपावर गेल्या. पुढच्याच वर्षी, २२ मे २०२२ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला. त्या दिवशी सगळ्यांनी अभिनंदन केले; त्यांचा दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला. मला हे संतापजनक वाटते, कारण गौरवाच्या आवाजात मागणीच ऐकू येईनाशी होते.

मग कौतुक निरर्थक, पैसाच खरा, असे म्हणावे काय? तेही चूक. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत काय केले ते पाहावे. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. इतकेच नव्हे, जेंटामायसिनचे इंजेक्शन त्यांच्या हाती दिले. डॉक्टरी पेशाला हे धाडसच वाटणारे होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट नोंदली गेली. ज्या बाईला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते, तिच्या निर्णयावर बाळाचा जीव सोपवला गेला. कामाची कदर म्हणतात ती ही: कौशल्य द्यायचे, मग त्यावर भरवसा ठेवायचा आणि चूक होऊ नये म्हणून पाठीशी उभे राहायचे.

या प्रयोगाच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा नवजात बाळांच्या गृहभेटी करू लागल्या. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. सहांचे मिळून ठरले २५० रुपये. दगडधोंड्यांच्या वाटेने वाडीवर जाऊन कापडी झोळीत बाळाचे वजन करणाऱ्या बाईला एका फेरीचे ४२ रुपयेही पडत नाहीत. या रकमेपुढे कुठलेही सन्मानचिन्ह तोकडे आहे.

म्हणून क्रम स्पष्ट असावा. आधी कर्मचाऱ्याचा दर्जा, दरमहा ठरलेला पगार आणि निवृत्तिवेतन. त्यासोबत, प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची नोंदवही खरोखर वाचली जावी. ती रात्री बाळ घेऊन रुग्णालयात पोचली तर डॉक्टरांनी आधी तिलाच विचारावे, बाळ केव्हापासून दूध ओढत नाही. आणि त्या फेरीचे पैसे त्याच महिन्यात तिच्या खात्यात जमा व्हावेत.