बिनतारी संदेश आणि ऐकणारा कान

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास बहुधा संदेश पाठविणाऱ्याच्या बाजूने सांगितला जातो. 12 डिसेंबर 1901 रोजी मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे तारेवाचून संदेश पोहोचविला, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. परंतु त्या दिवशी मार्कोनी स्वतः कोठे होता? इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्ढू येथे ठिणग्या पाडणारे प्रचंड यंत्र त्याचे सहकारी चालवीत होते. तो स्वतः न्यूफाउंडलंडमधील एका टेकडीवर, पतंगाच्या साहाय्याने तार उंच चढवून, टेलिफोनचा कर्णा कानाला लावून बसला होता. त्याला ऐकू आली ती फक्त तीन टिंबे, म्हणजे मोर्सच्या लिपीतील एक अक्षर. बोलणे त्या मानाने सोपे होते. खरी अडचण ऐकण्याची होती, आणि पुढेही ती निरनिराळ्या रूपांनी उभी राहिली.

या कानाची घडण कशी होत गेली हे पाहण्यासारखे आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ याने 1887-88 मध्ये विद्युत्‌लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले, तेव्हा त्या ओळखण्याचे त्याचे साधन म्हणजे तारेचे एक कडे होते. कड्याच्या दोन टोकांत अगदी बारीक फट ठेवलेली. लहर आली की त्या फटीत ठिणगी उडे, आणि ती अंधारात डोळ्यांना ताण देऊन पाहावी लागे. 1890 मध्ये पॅरिसच्या ब्रान्लीला असे आढळले की, काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस एरवी विजेला अडवितो, पण जवळपास ठिणगी पडताच तिला वाट देतो. नळी पुन्हा कामास लावण्यासाठी तिला टिचकी मात्र मारावी लागे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू यांनी पुढे गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट 1904 मध्ये मिळाले. हाच स्फटिक प्रकाशालाही प्रतिसाद देई. उष्णता, दाब, प्रकाश ओळखणाऱ्या ज्या उपकरणांना आज आपण संवेदक म्हणतो ती आणि रेडिओचा ग्राहक ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

कान तीक्ष्ण झाला, तशी दुसरी अडचण पुढे आली. तार ही दोघांचीच वाट असते. आकाश सर्वांचे असते. त्या काळची ठिणगीची यंत्रे एका नेमक्या लहरलांबीवर बोलत नसत. त्यांचा आवाज आजूबाजूला सांडे, आणि जवळच्या जहाजाचा संदेश दूरच्या क्षीण संदेशास बुडवून टाकी. 14 एप्रिल 1912 च्या रात्री 11 च्या सुमारास ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाच्या बिनतारी कर्मचाऱ्याने ‘टायटॅनिक’ला कळविले की, आमच्या भोवती बर्फ आहे व आम्ही थांबलो आहोत. टायटॅनिकचा कर्मचारी त्या वेळी केप रेसच्या किनारी केंद्राशी प्रवाशांच्या तारांची देवघेव करीत होता. हा मोठा आवाज मध्येच कानावर आदळल्याने तो वैतागला व त्याने त्यास गप्प बसविले. कॅलिफोर्नियनवर बिनतारीचा माणूस एकच. दिवसभराचे काम संपवून त्याने साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद केले व तो झोपी गेला. 11 वाजून 40 मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. त्याची हाक सुमारे 58 मैलांवरील ‘कार्पेथिया’ने ऐकली, कारण तेथील कर्मचारी निजण्याच्या तयारीत असूनही त्याच्या कानावरचे यंत्र अजून उतरले नव्हते. त्यामुळे सातशेहून काही अधिक माणसे वाचली. सुमारे पंधराशे बुडाली.

यंत्रे दोन्हीकडे होती व चालूही होत होती. उणीव होती ती यंत्रांमधल्या व्यवस्थेची: कोणी केव्हा बोलावे, आणि कोणी जागे राहावे. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आपल्या बंदरांतून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर अखंड बिनतारी पहारा बंधनकारक केला.

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे बोलण्याच्या पाळीचे, एक वेगळेच उत्तर 1971 मध्ये हवाई बेटांवर मिळाले. तेथील विद्यापीठात प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन यांना दूरदूरच्या टंकयंत्रांवरून मुख्य संगणक वापरता येईल अशी सोय करावयाची होती. त्यासाठी टेलिफोनच्या तारा सोयीच्या नव्हत्या. म्हणून त्यांनी रेडिओ घेतला व या योजनेस ‘अलोहा’ हे नाव दिले. समजा, या सभागृहातील शंभर श्रोत्यांना अध्यक्षांस एकेक वाक्य सांगावयाचे आहे. प्रत्येकाला क्रमांक देता येईल. पण ज्याला बोलावयाचेच नाही त्याची पाळी फुकट जाईल. अलोहाचा नियम असा की, सांगावेसे वाटेल तेव्हा सांगा, पण थोडक्यात सांगा. अध्यक्षांची पोच आली नाही, तर तुमचे वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर आदळले असे समजा, आणि थोडे थांबून पुन्हा सांगा. हे थांबणे प्रत्येकाचे निरनिराळे व मनमानी असले पाहिजे. नाहीतर तेच दोघे पुन्हा एकदमच बोलतील! या पद्धतीत वाहिनीचा फार तर 18 टक्के उपयोग होतो, असे गणिताने दिसते. काळाचे समान खंड पाडून प्रत्येकाने खंडाच्या आरंभीच बोलावे एवढा नियम वाढविला की ते प्रमाण दुप्पट होते.

पुढे त्यात आणखी एक शहाणपण आले: आधी ऐका, मग बोला. 1973 मध्ये रॉबर्ट मेटकाफ याने हे तत्त्व संगणक जोडणाऱ्या तारेवर आणले, आणि 1997 मध्ये ठरलेल्या ज्या प्रमाणावर आज घरोघरचे वायफाय चालते, त्यातही ते आहे. मात्र रेडिओवर बोलत असता स्वतःच्याच आवाजापुढे दुसऱ्याचा ऐकू येत नाही. म्हणून तेथे टक्कर आधीच टाळण्याकडे लक्ष द्यावे लागते, आणि पोच मागण्याची अलोहाची रीत अद्याप सुटलेली नाही.

दुसरा प्रश्न जागे राहण्याचा. 2002 च्या उन्हाळ्यात बर्कलेच्या संशोधकांनी अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर 32 लहान संवेदक यंत्रे बसविली. पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी तेथे जमिनीतील बिळांत घरटी करतात. माणसाने वारंवार हात न लावता बिळातील उष्णता, दमटपणा व पक्ष्याची उपस्थिती कळावी, हा हेतू. प्रत्येक यंत्राची शिदोरी म्हणजे बॅटरीचे लहानसे दोन सेल. सतत रेडिओ चालू ठेवला तर ते काही दिवसांतच संपावयाचे. म्हणून ही यंत्रे बहुतेक काळ निजलेली असत. ठरल्या वेळी उठून मोजमाप करीत, ते कळवीत व पुन्हा निजत. कॅलिफोर्नियनचा कर्मचारीही निजलाच होता. परंतु त्याच्या निद्रेची नोंद दुसऱ्या कोणाकडे नव्हती. या यंत्रांची निद्रा संपूर्ण व्यवस्थेने गृहीत धरलेली असते.

अशा पहाऱ्याचे मोल आपल्याला 26 डिसेंबर 2004 रोजी फार महाग पडून कळले. सुमात्राजवळ भूकंप झाल्याचे हवाई बेटावरील त्सुनामी केंद्रास काही मिनिटांतच समजले होते. परंतु हिंदी महासागरात समुद्राची हालचाल टिपणारे त्यांच्या उपयोगाचे जाळे नव्हते, आणि इशारा घेऊन किनाऱ्यावर पोहोचविणारी साखळीही नव्हती. लाटेला भारताच्या पूर्व किनाऱ्यास येण्यास सुमारे दोन तास लागले, आणि ते दोन तास वाया गेले. निरनिराळ्या देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. त्यानंतर 2007 मध्ये हैदराबाद येथे भारताचे इशारा केंद्र उभे राहिले. या पहाऱ्यातील समुद्रतळावरचा दाबमापक पाण्याच्या वजनातील बारीकसा फरक ओळखतो. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी दूर जात नाहीत, म्हणून तो ध्वनीने वर तरंगणाऱ्या बोयाला खूण करतो; बोया उपग्रहास कळवितो व उपग्रह केंद्रास.

या साखळीचा शेवटचा दुवा मात्र आजही माणूसच आहे. इशारा किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि भोंगा वाजल्यावर कोठे धावावयाचे हे तेथील मुलाबाळांना आधीच ठाऊक असले पाहिजे. आपल्या गावी नदीच्या पुराचा असा इशारा आला, तर रात्री दोन वाजता तो कोण ऐकील व कोणाला उठवील, हे प्रत्येक नगरपालिकेने आणि नागरिकाने एकदा विचारून पाहावे.