पायथनमध्ये ‘नो मॉड्यूल नेम्ड मायएसक्यूएल’ ही एरर का येते? उपाय काय?

पायथनचा प्रोग्राम मायएसक्यूएलला जोडायला गेलात आणि ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ आली? घाबरू नका, तुमचा डेटा जागेवरच आहे. डेटाबेसशी बोलणारे पॅकेज पायथनला सापडले नाही, एवढाच या एररचा अर्थ. प्रोग्राम अजून डेटाबेसपर्यंत पोहोचलेलाच नाही. म्हणून मायएसक्यूएल सर्व्हर काढून पुन्हा टाकू नका. त्याने एरर जाणार नाही, उलट डेटा जाऊ शकतो.

पुढील तीन गोष्टी क्रमाने तपासा.

१. नाव बरोबर आहे का?
इन्स्टॉल करायचे नाव आणि इम्पोर्ट करायचे नाव अनेकदा वेगळे असते.
• ‘मायएसक्यूएल-कनेक्टर-पायथन’ इन्स्टॉल केले, तर कोडमध्ये ‘मायएसक्यूएल.कनेक्टर’ लिहा.
• ‘मायएसक्यूएलक्लायंट’ इन्स्टॉल केले, तर ‘मायएसक्यूएलडीबी’ लिहा. त्यात एम, एस, क्यू, एल कॅपिटल. बाकीची अक्षरे लहान.
• ‘एसक्यूलाइट३’ पायथन २.५ पासून सोबतच मिळते, ते सहसा वेगळे टाकावे लागत नाही.
नाव अंदाजाने टाइप करू नका. मिळत्याजुळत्या नावांनी घातक पॅकेजेसही टाकली जातात.

२. पॅकेज दुसऱ्याच पायथनमध्ये गेले का?
‘इन्स्टॉल तर केले होते!’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन पायथन असू शकतात आणि प्रत्येकाची पॅकेजेस वेगळी असतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचेही तसेच. प्रोग्राममध्ये ‘सिस’ मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ प्रिंट करा. कोणता पायथन चालू आहे, त्याचा पत्ता दिसेल. तो पूर्ण पत्ता टर्मिनलमध्ये लिहून पुढे ‘-एम पिप इन्स्टॉल’ आणि पॅकेजचे नाव द्या (सर्व इंग्रजी अक्षरांत). पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला. आता पॅकेज योग्य ठिकाणीच जाईल.

३. तुमच्याच फाइलचे नाव आडवे येते का?
सरावाच्या फाइलला ‘मायएसक्यूएल.पीवाय’ नाव दिले, तर पायथन खऱ्या पॅकेजऐवजी तीच उघडतो. मग ‘मायएसक्यूएल इज नॉट अ पॅकेज’ असे दिसते. फाइलचे नाव बदला.

एररमध्ये ‘डीएलएल लोड फेल्ड’ असेल, तर प्रकरण वेगळे. पॅकेज सापडले आहे, पण त्याला लागणारी एखादी लायब्ररी मिळत नाही किंवा ती ३२-बिट व ६४-बिट अशी जुळत नाही.

इम्पोर्ट झाल्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ आले, तर ती प्रगतीच समजा. प्रोग्राम आता डेटाबेसच्या दारात पोहोचला आहे. युजरनेम आणि पासवर्ड तपासायची वेळ आता आली!