रूनस्केपमधला खेळाडूंचा कौल

'रूनस्केप' हा हजारो जणांनी इंटरनेटवर एकाच वेळी खेळायचा खेळ ४ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. अँड्र्यू गॉवर यांनी भाऊ पॉल यांच्या साथीने तो घडवला. पुढे इंग्लंडमधल्या केंब्रिजची जॅजेक्स ही कंपनी तो चालवू लागली. सीडीवर विकत घेतलेला खेळ घेणाऱ्याच्या घरी जसाच्या तसा राहतो. रूनस्केप मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असे आणि खेळाडू ब्राउझरमधून त्यात शिरत. त्यामुळे कंपनीने केलेला बदल त्याच दिवशी सर्वांना लागू होई आणि ज्याला तो पटला नाही त्याला जुनी आवृत्ती उघडून बसण्याची सोय नव्हती. खेळाडूंच्या मताला इथे पुढे जे वजन आले, त्याचे मूळ या रचनेत आहे.

पहिला मोठा असंतोष २००७ च्या अखेरीस उसळला. खेळातली सोन्याची नाणी खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट झाला होता आणि या व्यवहारांत चोरीची क्रेडिट कार्डे वापरली जात होती. हे रोखण्यासाठी जॅजेक्सने दोन कठोर उपाय योजले. 'वाइल्डरनेस' या ओसाड प्रदेशात खेळाडूंनी एकमेकांशी लढून हरलेल्याचा माल लुटण्याची पद्धत डिसेंबरमध्ये बंद झाली आणि पाठोपाठ खेळाडूंमधल्या देवघेवीवर मर्यादा आली. नाणी विकणाऱ्यांना चाप बसला, पण मित्राला भेट देणे, उसने देणे असे साधे व्यवहारही अडले. ज्यांना या लढायांसाठीच खेळ प्रिय होता, त्यांच्यापैकी अनेक जण सोडून गेले.

तीन वर्षांनी कंपनीने हा प्रश्न खेळाडूंपुढेच ठेवला. २०१० च्या डिसेंबरात सुरू झालेले मतदान जानेवारीत संपले. सुमारे १२ लाख मते पडली आणि त्यांतली ९१ टक्के जुनी पद्धत परत आणण्याच्या बाजूची होती. १ फेब्रुवारी २०११ रोजी वाइल्डरनेस आणि खुली देवघेव दोन्ही परतली. तक्रारींचा सूर आणि लोकांची खरी संख्या यांचा मेळ कसा घालायचा, याचे उत्तर इथे पहिल्यांदा सापडले: मते मोजायची.

तरीही नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची सारी पद्धत बदलली गेली. पूर्वी शत्रूवर एकदा क्लिक केले की पात्र आपोआप वार करत राही. नव्या पद्धतीत प्रत्येक डावपेचासाठी वेगळे बटण दाबायचे होते. वर्षानुवर्षे कमावलेले कसब निरुपयोगी झाल्याची भावना पसरली आणि गळती पुन्हा सुरू झाली.

या वेळी कंपनीच्या मदतीला तिचाच जुना साठा आला. ऑगस्ट २००७ मधल्या खेळाची संपूर्ण प्रत तिच्याकडे शाबूत होती आणि ती डिसेंबरमधल्या निर्बंधांच्या आधीची होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती सुरू करण्याबाबत कौल मागवला गेला. जितकी मते जास्त, तितकी खेळावर काम करणारी तुकडी मोठी आणि वेगळी वर्गणी कमी, अशी ही योजना होती. साडेचार लाखांच्या आसपास मते मिळाली आणि मतदान चालू असतानाच, २२ फेब्रुवारीला, 'ओल्ड स्कूल रूनस्केप' खुला झाला.

जुन्याच्या ओढीने आलेल्या या लोकांना नवे काय आणि किती द्यायचे, हा पुढचा पेच होता. त्यासाठी एक नियम ठरला: कोणतीही नवी भर मतदानाला टाकायची आणि किमान ७५ टक्के होकार मिळाला तरच ती करायची. खेळातल्या गावांमध्ये मतदानाचे ठेले उभे राहिले. वर्गणीदार खेळाडू तिथे जाऊन प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणू लागले.

या नियमाचे काम बाजाराच्या उदाहरणातून नीट कळते. २००७ च्या प्रतीत मध्यवर्ती बाजार नव्हता. विकणारे बँकांसमोर उभे राहून मालाचे नाव आणि भाव पुन्हा पुन्हा टाइप करत आणि गिऱ्हाईक त्यांतून हवे ते शोधत असे. प्रथम नोंदींचा एक फलक आला. त्यावर माल आणि भाव दिसे, पण विकणाऱ्याला गाठून सौदा स्वतःच करावा लागे. माणसांशी थेट व्यवहार हाच खेळाचा आत्मा मानणाऱ्यांना स्वयंचलित बाजार नको होता, तर बाकीच्यांना वेळ वाचवायचा होता. अखेर मतदानात बाजूने कौल मिळाला आणि २०१५ च्या फेब्रुवारीत 'ग्रँड एक्स्चेंज' हा बाजार उघडला. मोठा बदल झाला, पण तो पुरेशा लोकांनी मागितल्यावरच.

नव्या कौशल्यांच्या बाबतीत उंबरठा फार उंच ठरला. २०१५ मध्ये नौकानयनाच्या प्रस्तावाला सुमारे ६८ टक्के आणि २०१९ मध्ये जादूची वस्त्रे बनवण्याच्या 'वॉर्डिंग' या कौशल्याला सुमारे ६६ टक्के मते मिळाली. दोन-तृतीयांशांच्या आसपास लोक तयार असूनही दोन्ही बारगळले. आपसातल्या लढायांसंबंधीच्या प्रस्तावांची अडचण वेगळी होती. अशा लढाया करणारे थोडे, मते मात्र सर्वांची. त्यामुळे ज्यांचा प्रश्न होता त्यांच्या हाती निर्णय नव्हता. खेळाचा समतोल राखणाऱ्या काही दुरुस्त्या कंपनीने मतदानाविना केल्या आणि २०२२ मध्ये उंबरठा ७० टक्क्यांवर आणला.

२०२३ मध्ये खेळाडूंनी तीन पर्यायांतून नौकानयन पुन्हा निवडले. मात्र या वेळी एकाच प्रश्नावर सारे सोडले नव्हते. नवे कौशल्य हवे का, कोणते हवे आणि त्याचे स्वरूप कसे असावे, असे टप्प्याटप्प्याने विचारले गेले. आराखडे मांडून आक्षेप ऐकले गेले, त्यांत बदल झाले आणि पुढे अपुऱ्या अवस्थेतला नमुनाही खेळायला दिला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नौकानयन खेळात आले. ओल्ड स्कूलमध्ये भर पडलेले ते पहिलेच नवे कौशल्य होते.

या इतिहासातून कौलाची ताकद दिसते, तशी मर्यादाही. अनावश्यक बदल अडवण्याचे आणि गेलेला विश्वास परत मिळवण्याचे काम मतदानाने चोख केले. २००७ सालची जुनी प्रत आज मूळ रूनस्केपपेक्षा जास्त लोक खेळतात, यात त्याचा मोठा वाटा आहे. पण हो-नाहीच्या मतातून नवी कल्पना जन्मत नाही आणि नकार का आला तेही कळत नाही. ते समजायला चर्चा, आराखडे आणि चाचण्या लागतात. नौकानयनाला पहिल्या मतदानापासून प्रत्यक्ष येईपर्यंत दहा वर्षे लागली, ती याच शिकण्यात गेली.