दिनविशेष, २२ फेब्रुवारी : हलच्या शाळेतल्या ‘मिसेस केंट’
डचेस ऑफ केंट कॅथरीन यांचा जन्म १९३३ साली आजच्या दिवशी यॉर्कशायरमधील हॉविंगहॅम हॉल येथे झाला. वडील सर विल्यम वर्स्ली यॉर्कशायर क्रिकेट संघाचे कर्णधार होते. राणी एलिझाबेथ यांचे चुलत भाऊ प्रिन्स एडवर्ड यांच्याशी १९६१ मध्ये यॉर्क मिन्स्टरमध्ये त्यांचा विवाह झाला आणि राजघराण्याच्या वतीने उद्घाटने, भेटीगाठी, बक्षीस समारंभ सुरू झाले.

जगाला त्या ठाऊक झाल्या विम्बल्डन टेनिस स्पर्धेमुळे. १९९३ च्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडी घेऊनही याना नोवोत्ना स्टेफी ग्राफकडून हरली. डचेसच्या हस्ते उपविजेतेपदाचे बक्षीस घेताना तिला रडू आवरेना. डचेसनी शिष्टाचार बाजूला ठेवून तिला जवळ घेतले. सेंटर कोर्टवर, सगळ्यांदेखत ती त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. १९९८ मध्ये नोवोत्ना जिंकली, तेव्हा चषक त्यांच्याच हस्ते मिळाला.

त्या मिठीच्या पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, डचेसनी कॅथलिक पंथ स्वीकारला. पण त्यांचे सर्वांत मोलाचे काम कॅमेऱ्यांपासून दूर झाले. हल शहरातील वॉन्सबेक प्राथमिक शाळेत त्यांनी तब्बल तेरा वर्षे संगीत शिकवले. मुलांसाठी त्या नुसत्या ‘मिसेस केंट’ होत्या. ‘हर रॉयल हायनेस’ ही उपाधी वापरणेही त्यांनी २००२ मध्ये सोडले. गुणी पण गरीब मुलांना संगीतशिक्षण मिळावे म्हणून २००४ मध्ये त्यांनी ‘फ्यूचर टॅलेंट’ ही संस्था सहसंस्थापक म्हणून उभी केली. ४ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.